ताऱ्यांचं माहेर

कारळ भाजल्याचा वास आला की गोरेगावचं, आमच्या सासरच्या खेड्यातलं स्वयंपाकघर आठवतं. मी तेव्हा नवी सून, शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि माझ्या प्रत्येक बोलण्यात काहीतरी डाव आहे असं सासूबाईंना वाटायचं. त्या दिवशी चुलीवर वांगी शिजत होती आणि मी उद्याचा धडा मोठ्यानं म्हणून बघत होते: तारे जन्मले तिथून फार लांब भटकतात, पण त्यांच्यात लोखंड किती, इतर धातू किती, हे त्यांच्या उजेडातून कळतं, आणि त्यावरून ते कुठं जन्मले याचा अंदाज येतो. “तिथं कोन पाहून आलं? काहून लेकरायला फसवून राहिली?” सासूबाई म्हणाल्या. जेवताना पहिल्याच घासाला त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. “ह्यात कारळ हाय. आमी वांग्यात शेंगदाणे टाकतो. ही चव डोंगरकड्याची, तुह्या माहेरची.” मी चाचरत म्हटलं, “आत्याबाई, ताऱ्यांचंही असंच कळतं.” त्या संशयानं म्हणाल्या, “व्हय? मंग त्यांच्या सासवा काय म्हनतात?” काल माझ्या नव्या सुनेनं वरण वाढलं, आणि पहिल्याच घासाला मी तिच्याकडं रोखून पाहिलं.