थ्रॉटल बॉडीला वाहिलेल्या अक्षता

आमच्या गल्लीत समोरून सांड आला की माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि हातात मोटरसायकल असेल तर ती मागे ढकलत चौकापर्यंत न्यायची. नदीकाठच्या बालाजी घाटाच्या या गल्ल्यांत मी दुसऱ्याच्या वरचा गिअर कधी टाकला असेल तर देवाशपथ! अशा ठिकाणी राहून मला गाडीचा पिकअप वाढवायची अवदसा आठवली. वय सेहेचाळीस, धंदा पाठशाळेत मुलांना वेद शिकवण्याचा. आता बोला!

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ रोज समजावून सांगायचे. इंजिनात हवा जाते ती एका धातूच्या नळीतून, तिला थ्रॉटल बॉडी म्हणतात. आत एक गोल पाकळी असते. मूठ पिळली की उघडते, सोडली की मिटते. मोठी नळी बसवा, हवा जास्त जाईल, गाडी उडेल. घरच्या घरी, अर्ध्या तासात. चार महिने मी हे ऐकलं आणि शेवटी नळी मागवली.

ती आली शनिवारी, आणि सोमवारी बायकोची मुलाखत होती. शहराबाहेरच्या एका कॉलेजात ती अकरा वर्षं हंगामी शिकवत होती. दर जुलैत तिचा जीव टांगणीला, यंदा ठेवतात की नारळ देतात. आता पहिल्यांदाच कायमची जागा निघाली होती. आमचा मराठी श्रावण लागायला अजून आठवडा होता, पण इथला उत्तरेतला सावन पंधरा दिवस आधी लागतो, तो ऐन भरात, आणि सावनातल्या सोमवारी शंकराला कावडीने पाणी नेणाऱ्या कावडियांच्या गर्दीपायी रिक्षा, बॅटरीवरच्या टोटो सगळं बंद. दुचाकी तेवढी कशीबशी निसटते. तिने एवढंच म्हटलं, "अहो, दहाच्या आत मला तिथे सोडा. बाकीचं मी बघते."

"सोडतो काय, उडवत नेतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी दारात सतरंजी पसरली. नवी वस्तू, मग ती कुकर असो की पंखा, पूजेशिवाय वापरायची नाही ही आमच्या घरची रीत. आणि पूजा सांगणारा घरचाच, मग हात कशाला आखडायचा? थ्रॉटल बॉडी पाटावर उभी ठेवली, तोंड वर करून. हळद, कुंकू, फूल, आणि मंत्र म्हणत मूठभर ओल्या अक्षता. यजमानांकडे करतो त्याहून मन लावून केली हो! मग फूल उचललं, फडक्याने बाहेरून पुसली आणि जुनी उतरवून नवी बसवली. जोडणीचं रबर तिला अरुंद पडत होतं, ते कात्रीने कापून मोठं केलं.

बटण दाबलं आणि गाडी किंचाळली. मूठ सोडलेली, तरी इंजिन सुसाट. आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली.

"काय रे, आत काही अडकलंय का?"

"आई, हे इंजिन आहे, मिक्सर नव्हे. तुला नाही कळायचं."

मला मात्र दिवसभर सगळं कळत होतं. आधी केबल ताणली गेली होती, मग सेन्सर बिघडला होता, मग विकणाऱ्याने माल खोटा दिला होता. मोबाईलवरच्या गृहस्थांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. केबल तीनदा सोडली, तीनदा बांधली. नळी तेवढी उघडली नाही. पूजा करून बसवलेली वस्तू त्याच दिवशी उतरवायची म्हणजे अपशकुन, हे शास्त्र माझं मीच तयार केलं. नाक्यावरचा मिस्त्री कावड घेऊन गेलेला. संध्याकाळी बायको म्हणाली, "जुनंच लावा ना परत." रबर कापून बसलोय, आता जुनी नळी त्यात घट्ट बसणार नाही, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. "होतंय, होतंय," म्हणालो.

सोमवारी सव्वासातला ती फाईल घेऊन बाहेर आली. माझे काळे हात बघितले, किंचाळणारी गाडी ऐकली.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली आणि चालत निघाली. चिडलीसुद्धा नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेव्हा कुठे नळी उतरवली. पाकळी मिटते तिथे, अगदी कडेला, कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ अडकला होता. फक्त एक! नखाने काढला. नळी परत बसवली तशी गाडी शहाण्यासारखी पुटपुटू लागली. आईने माझ्या तळहातावरचा तांदूळ बघितला आणि पोळ्या लाटायला आत गेली. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

मग वाढलेल्या पिकअपची ती गाडी मी कावडियांच्या गर्दीत पाय टेकत टेकत नेली. प्रत्येक फाईलवाल्या बाईकडे मान वळवून बघत होतो. पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. दारावरचा माणूस म्हणाला, "मैडम तो कब की आ गईं. पैदल."

ती एक वाजता बाहेर आली. टाचेला रुमाल बांधलेला. मी सुरू झालो, "अगं, एकच तांदूळ अडकला होता, बाकी काम उत्तम झालं होतं..."

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली, "घर लांब आहे, रोज वेळेवर येणं जमेल का? म्हटलं, जमेल. आज चालत आलेय."

जागा तिला मिळाली. पुढे तिने स्वतःची स्कूटर घेतली, तिची पूजा आईने केली आणि अक्षतांची वाटी माझ्यापासून लांब ठेवली. सगळे हसले, मीही हसलो.

मी अजून रोज सकाळी गाडी पुसून दारात उभी करतो. "अहो, सोडा" असं तिने मला त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही.