उधन्यातला पडेल गव्हर्नर

अमेरिकेतल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत मी सुरतेतल्या उधन्यात, आमच्याच हॉलमध्ये, पडलो.

झालं असं, की आमची रेवा राज्यशास्त्रात एम.ए. करते. तिला कॉलेजात अमेरिकेतल्या एका राज्याच्या फार जुन्या निवडणुकीवर बोलायचं होतं. (आपला राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो, त्यांचा गव्हर्नर लोक निवडून देतात आणि राज्यही तोच चालवतो.) त्या निवडणुकीत एका उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं. लोकांनी ते हातानं लिहायचं!

"पप्पा, आपण घरी करून बघू या ना," रेवा म्हणाली. "जिंकेल तो घरचा गव्हर्नर. मे महिन्यात कुठे जायचं, ते तोच ठरवणार."

मी ताबडतोब उभा राहिलो. मला अमळनेरला, गावी जायचं होतं. माझ्याविरुद्ध आमची ही, ऊर्मिला. तिला काश्मीर हवं! मतदार चार. रेवा तिच्या आईची, माझी आई माझी. म्हणजे दोन-दोन!

तेव्हा मी डाव टाकला. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवतोय, उगाच नाही!

"नाव चुकीचं लिहिलं, तर मत बाद," मी जाहीर केलं.

"का हो?" हिला संशय आला.

"तिकडेही यावरून भांडणं झाली. विचार रेवाला!"

खरं कारण निराळंच होतं. 'ऊर्मिला'तला ऊ दीर्घ. रेवा शिकली गुजराती शाळेत. ती ऱ्हस्व लिहिणार म्हणजे लिहिणारच!

मोजणीला शेजारच्या जशुबेन बसल्या. पहिली चिठ्ठी, ऊर्मिला. दीर्घ. दुसरी, ऊर्मिला. तीही दीर्घ! (कार्टीनं हे कधी शिकून घेतलं?) तिसरी, सुर्यकांत. म्हणजे मी!

"माश्तर, आमां 'सु' तो नानो छे," जशुबेननी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. सू हवा दीर्घ, होता ऱ्हस्व.

"बाद!" रेवा ओरडली.

"अगं, आजीची चिठ्ठी ती!" मी कळवळलो. "चौथी शिकलेली बाई, तिला काय कळतं शुद्धलेखनातलं? चालवून घ्या!"

आई खाटेवरून अहिराणीत कडाडली, "मना नही तो कागद! मी तं सूनबाईले मत दिधं."

"आई! गावाला नाही जायचं?"

"गावले दरसाल जास. काश्मीरना बरफ कधय दखसू?"

जशुबेननी चौथी चिठ्ठी उघडली. आईचं अक्षर, ऊर्मिला. ऊ असा ठसठशीत दीर्घ, की फळ्यावर लावावा!

सगळ्यांच्या माना सावकाश माझ्याकडे वळल्या.

"पप्पा... म्हणजे ती बाद चिठ्ठी..."

"घाईत लिहिली," मी म्हणालो.

"स्वतःचं नाव?" ही पदर तोंडात कोंबून हसत होती.

मी फेरमतदान मागितलं. उदार मनानं तेही मिळालं. ऊर्मिला चार, मी शून्य.

चौथं मत माझं होतं. निदान तिचं नाव तरी मला बिनचूक लिहिता येतं!