पांढऱ्या हरणांची सोयरीक

एका कॅन्टीनमध्ये, एकाच लांब टेबलावर आठ वर्षं डबा खाल्ला की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात. घर बदलताना माझ्या कितीतरी वस्तू हरवल्या, पण हे किस्से मात्र बरोबर आले.

नव्वदच्या दशकात माझा नवरा दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये होता आणि मी शहरापासून तासाभरावर, वाळवंटातल्या प्राणी-केंद्रात लॅब टेक्निशियन. केंद्रात ओरिक्स होते. पांढरं शुभ्र अंग, काळपट पाय आणि तलवारीसारखी सरळ लांब शिंगं. आपल्याला हरणासारखाच वाटणारा प्राणी. शिकारीमुळे मोकळ्या वाळवंटातून तो कधीच संपला होता. उरला तो कुणाकुणाच्या कुंपणात, मोजक्याच जनावरांपासून वाढलेला. म्हणजे सगळे एकमेकांचे नातेवाईक! रक्त तपासून कोण कोणाचं किती जवळचं ते शोधायचं, हे माझं काम.

सासूबाईंचा इस्लामपूरहून पहिला फोन आला.

"काय गं, त्या हरणांना आजार कुठला झालाय?"

"आजार नाही हो. नाती बघायची. जवळच्या नात्यातली जोडी जमू द्यायची नाही, लांबची शोधून द्यायची."

 त्या एकदम खुशीत म्हणाल्या, "मग लॅब कसली म्हणतेस? वधूवर सूचक मंडळ म्हण की!"

*

केंद्राच्या मुख्य डॉक्टर फियोना. इंग्लंडच्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या. त्यांच्याकडे एक जाडजूड रजिस्टर असायचं. त्यात प्रत्येक ओरिक्सचा नंबर, आई, बाप, सगळं.

एकदा एका पाडसाचं रक्त तपासलं. रजिस्टरमध्ये बाप नऊ नंबर. माझी तपासणी म्हणे, नऊ नंबर नाहीच. आईला ठेवलेल्या वाड्यात दुसरा नर नव्हता! मी पुन्हा तपासलं. उत्तर तेच.

फियोना शांतपणे म्हणाल्या, "तुझ्याकडून ट्यूब बदलल्या असतील. असं असेल तर वर्षभराचं सगळं काम संशयात जातं."

मी दोन दिवस जेवले नाही. नोकरी जाणार हे नवऱ्यालाही सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी हुसेनचाचा लॅबच्या दारात उभे. चाचा गुहागरकडचे, आमचे सगळ्यात जुने राखणदार. मला ते 'बाय' म्हणायचे.

"बाय, रडू नको. तुझं मशीन खरं बोलतंय. बाप चौदा नंबर आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फाटक मीच उघडं टाकलं होतं! शुक्रवारच्या नमाजाला निघायची घाई होती. परत आलो तर चौदा नंबर शेजारच्या वाड्यात पाहुणा. गपचूप हाकलला आणि कडी लावली."

तसेच ते माझ्याबरोबर फियोनाबाईंकडे आले आणि सगळं सांगून टाकलं. चौदा नंबरचं रक्त तपासलं, जुळलं. फियोनांनी रजिस्टरमध्ये बापाचं नाव बदललं, माझी माफी मागितली आणि चाचांना विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

चाचा मान खाली घालून हिंदीत म्हणाले, "मॅडम, मुझे लगा सिर्फ अल्ला देख रहा है. मशीन भी देख रही है, ये किसको मालूम!"

*

फियोना दर रविवारी स्टाफला थोडं शिकवायच्या. एकदा फळ्यावर वंशावळ काढून म्हणाल्या, "हे बघा, दोघांचे आजी-आजोबा एकच. अशी जोडी आपण शक्यतो टाळायची. पिल्लं अशक्त निघू शकतात."

माझा चेहरा पाहून थांबल्या. "काही शंका?"

"शंका नाही डॉक्टर. माझा नवरा माझा आतेभाऊ आहे. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या."

 फियोना आधीच लाल, आता आणखी लाल झाल्या. खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी अगदी काळजीनं विचारलं, "आणि... पिल्लं ठीक आहेत ना?"

"एकच आहे," मी म्हटलं. "गणितात कच्ची, बाकी ठणठणीत!"

*

केंद्राचे मॅनेजर सालेम. तिथलेच, हिंदी झकास बोलणारे. त्यांच्या ओळखीच्या एका शेतमालकानं केंद्राला एक मादी भेट द्यायचं ठरवलं. त्याचं म्हणणं, आपल्या आजोबांनी खुद्द वाळवंटातून धरून आणलेल्या जोडीची ही वंशज. फियोना तर हरखूनच गेल्या. नवं रक्त! आमच्या कळपात नव्हतंच ते.

मादी आली. खजूर वाटले, अरबी कॉफी म्हणजे कावा झाला, फोटो झाले. मी रक्त घेतलं.

सगळं आमच्याच कळपाशी जुळत होतं. तीनदा तपासलं. सालेमनी मग फोनाफोनी केली. केंद्रानं पूर्वी एका पाहुण्याला मादी भेट दिली होती. तिची पोर त्यानं मित्राला दिली, मित्रानं जावयाला, जावयानं या शेतमालकाच्या वडिलांना. मधल्या मधल्या माणसांबरोबर आजोबांची गोष्ट तिला चिकटत गेली.

चाचा मला म्हणाले, "त्यात काय एवढं, बाय? पोरगी फिरून माहेरी आली!"

पण शेतमालकाला सांगणार कोण? तो हौसेनं फोन करून विचारायचा, "आमची मादी कशी आहे? रुळली का?"

सालेम गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "माशाल्ला! अगदी घरच्यासारखी राहिलीय."

*

मग तो दिवस आला. नाती तपासून निवडलेला दहा जनावरांचा कळप मोकळ्या वाळवंटात सोडायचा होता. आठ वर्षांचं काम याच्यासाठीच. सकाळी फाटक उघडलं. आम्ही सगळे गाड्यांच्या मागे लपून.

एकही बाहेर येईना. फाटकाच्या रेषेपर्यंत यायचे आणि थांबायचे. तास गेला. सालेम हळूच "यल्ला, यल्ला" म्हणजे चला, चला करत होते. फियोना नखं खात होत्या.

चाचा उठले. रोजची खाण्याची बादली भरली आणि फाटकातून सरळ वाळवंटात चालू लागले. आधी एक मादी मागे गेली. मग पाडसं, मग सगळे. टेकाडामागे चाचाही दिसेनासे झाले आणि कळपही.

दुपार व्हायला आली तेव्हा चाचा एकटेच परत आले. हातात बादली, तशीच भरलेली.

"खाल्लं नाही?" मी विचारलं.

"खाली ठेवली होती, बाय. एकानं वास घेतला. मग तिकडची सुकी झुडपं खात खात पुढे गेले."

फियोनांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वंडरफुल!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाचांनी दाणा पोत्यात परत ओतला, बादली धुतली, खिळ्याला अडकवली आणि सालेमपुढे जाऊन उभे राहिले.

"साब, छुट्टी मिलेगी?"

सालेम बघतच राहिले. गेली चार वर्षं तेच चाचांच्या मागे लागले होते, घरी जाऊन या म्हणून. आणि दर वेळी चाचा म्हणायचे, ही माझ्याच हातचं खातात, कसा जाऊ?

"मिलेगी ना, चाचा! कितने दिन की?"

चाचांनी बोटांवर मोजलं.

"घर में पहचान लिया, तो दो महीने."