बावीस मुली, एक ग्लास

मुलींच्या होस्टेलची रेक्टर म्हणून अकरा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गव्हात खडे निघावेत तसे ते निघतच राहतात. बहुतेक हसून सांगण्यासारखे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यातले चार दिवस मात्र तसे नाहीत.

आमचं कॉलेज सहकारी संस्थेचं, परळी तालुक्यातलं. टँकर चार दिवसांआड यायला लागला तेव्हा परीक्षा संपताच आम्ही होस्टेल बंद केलं आणि मुलींना गावी धाडलं. राहिली एकटी रेखा. तिला आई नव्हती, वडील मेंढरं घेऊन चाऱ्यामागं नदीकाठानं फिरत होते, घराला कुलूप.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप भरला. डोकं फुटायची वेळ आली, दोनदा ओकली. मला वाटलं, ऊन लागलं. स्वयंपाकाच्या गयामावशी तळपायाला कांदा चोळायला बसल्या, तर पोटरीवर जांभळे ठिपके. मावशींना वाटलं, शाई सांडली असेल. प्यायच्या पाण्यातलं पाणी घेऊन त्यांनी ते घासले आणि पळत माझ्याकडे आल्या.

"बाई, आर्धा तांब्या पाणी घातलं, डाग जाईना. उलट नवे उठायलेत."

गयामावशींनी अर्धा तांब्या पाणी सांडलं, एवढ्यावरूनच मी ओळखलं, हे साधं ऊन नव्हे. मी रिक्षा बोलावली.

*

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठिपके पाहिले, रेखाची मान वाकवून पाहिली. ती वाकेना. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, मग बोलले. मेंदूच्या आवरणाचा ताप आहे, म्हणाले, आणि तो जवळच्याला लागतो. हिच्या खोलीत कोण झोपायचं, हिच्या भांड्यानं पाणी कोण प्यायचं?

धुवायला पाणी नाही म्हणून पाण्याच्या ड्रमपाशी एकच ग्लास ठेवायचा, असा नियम मीच केला होता. खोल्याही तीनच उघड्या ठेवल्या होत्या.

"सगळ्याच," मी म्हटलं.

लागण होऊ नये म्हणून मी आणि मावशींनी तिथंच एकेक गोळी घेतली. उरलेल्या बावीस मुलींना आजच्या आज एकेक गोळी पोचवा, असं डॉक्टरांनी बजावलं. मुली बावीस घरी, आणि फोन गावात एखादाच.

*

दूध संघाची जीप मिळाली, कारण ती रोज गावोगाव जायचीच. दुष्काळात दूध आटलेलं, त्यामुळे कॅनच्या मधे मला बसायला जागा होती. ड्रायव्हर भानुदास. दुपारपर्यंत बारा मुली झाल्या.

एका गावात दूध संकलनाच्या माणसाला मी संगीताचं घर विचारलं. तो म्हणाला, संगीता तीन हायत. आडनावही तिघींचं एकच. मग त्यानं वडील कसे आहेत ते विचारलं. फॉर्म भरायला आले होते तेवढीच माझी ओळख. मी म्हटलं, सरळ माणूस वाटला.

"मंग सोपं हाय. दुधात पाणी न घालणारं घर एकच हाय."

घर बरोबर निघालं.

*

घाटनांदूरला सुमनच्या घरी पाहुणे मुलगी बघायला आलेले. वडिलांनी मला दारातच अडवलं. धडधाकट पोरीला गोळी कावून, आणि आत्ताच कावून, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, विनवणीचा होता. पण मी तशीच आत गेले आणि पाहुण्यांच्या देखत सुमनच्या हातावर गोळी ठेवली. तिनं ती गिळली.

मुलाच्या आईनं विचारलंच, गोळी कशाची. वडिलांनी मान खाली घातली. सुमननं मात्र सरळ सांगितलं, की होस्टेलातल्या मैत्रिणीला मेंदूचा ताप आलाय, तो मला होऊ नये म्हणून.

त्या बाई माझ्याकडे वळल्या.

"हितं कावून थांबलाव बाई? बाकीच्या पोरींकडं जावा की."

*

धर्मापुरीजवळ जनावरांच्या छावणीत मंदा सापडली. ताडपत्रीखाली पडून, अंग चटचट भाजतंय. मी तिला हनुवटी छातीला लावायला सांगितली. ती म्हणाली, मान लई दुखती. पायावर ठिपके नव्हते, पण तिला तिथंच ठेवायचा धीर होईना.

भानुदासनं भरलेले कॅन रस्त्याच्या कडेला उतरवले, मंदाला आडवं टाकलं आणि जीप फिरवली. दवाखान्यात कळलं, ऊन लागलंय, आणि मान दुखते ती दोन दिवस डोक्यावरून घागरी वाहिल्यानं.

उरलेल्या गावांत पोचेपर्यंत दिवस मावळला होता, पण बावीसही झाल्या. दुधाचं काय झालं, असं संघाच्या सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा भानुदास म्हणाला, "दूध नासलं. पोरगी शाबूत हाय."

*

रेखा तीन दिवस बेशुद्ध होती. निरोप कुणाकुणाच्या तोंडून फिरत तिच्या वडिलांपर्यंत गेला आणि चौथ्या दिवशी दुपारी ते खांद्यावर घोंगडं टाकून वॉर्डात आले. तोवर तिनं डोळे उघडले होते, पण ती छताकडे बघत पडलेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की या आजारात कधी कधी कान जातात. त्यांनी उजवीकडून टाळी वाजवली. पापणी हलली नाही. मी त्याच बाजूनं नावानं हाक मारली. काही नाही.

डॉक्टर वडिलांना म्हणाले, तुम्ही बोला तिच्याशी. तो माणूस एवढ्या लोकांपुढं काय बोलणार? पलंगाला वळसा घालून ते डावीकडे गेले, खाली वाकले. मग त्यांनी माळावर कळपाला घालतात तशी हाळी घातली, "हुर्र्र्र हो, हुर्र्र्र". सगळा वॉर्ड उठून बसला.

रेखानं मान हळूच त्यांच्याकडे वळवली.

"आबा, हळू. लोक हायत हितं."