रिकामी वाटी

अमेरिकेहून दादा आला की पहिले दोन दिवस तो माझ्या घराची पाहणीच करायचा. पाणी सकाळी तासभरच का येतं, वीज सारखी का जाते, खाडीचे एवढे डास असताना तुम्ही झोपता कसे. ऐंशीच्या दशकात कोपरखैरण्याची आमची बैठी वसाहत नवी होती, झाडं कमरेएवढी होती आणि वारा फिरला की महाप्याच्या कारखान्यांचा वास घरात यायचा. सगळं खरं. पण माझ्या घराला नावं ठेवायचा हक्क मी कुणाला दिला नव्हता. "तुझ्याकडे नळाला गरम पाणी येतं ना, मग तिकडूनच अंघोळ करून यायचंस," असं मी त्याला तोंडावर सुनावलं होतं.

त्या खेपेला मात्र तो आईला न्यायला आला होता. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे राहायची. "लेकीच्या घरी किती दिवस काढणार?" तो म्हणाला. "तिकडे तुला स्वतंत्र खोली, कपडे मशीनमध्ये, दाराशी गाडी." माझं डोकंच फिरलं. तो तिकडचं एकेक काढत गेला, मी इकडचं. आई मधे बसून लसूण सोलत होती. ती हो म्हणत नव्हती, पण नाहीही म्हणत नव्हती, आणि मला भीती वाटत होती ती त्याचीच.

रस्त्यापलीकडच्या बोनकोडे गावातली एक मावशी आईची मैत्रीण होती. तिच्या भातशेतीवरच आमची घरं उभी राहिली होती, तरी आमच्यावर राग न धरता ती अधूनमधून वाटीभर कोलंबीचं कालवण आणून द्यायची. वाटी परत करताना आई तीत काहीतरी घालायचीच, अगदीच काही नसलं तर साखर. रिकामं भांडं परत जातं ते फक्त सुतकाच्या घरातून, एवढं तिला आणि मावशीला दोघींना पक्कं ठाऊक.

त्या दुपारी दादा पाय मोकळे करायला निघाला. जाताना त्याने मावशीची वाटी साबणाने लख्ख घासली, तिच्या सुनेच्या हातात दिली आणि थँक्यू म्हणून परत आला.

थोड्याच वेळात मावशी दारात. पायात चपला नाहीत, हात पिठाचे, मागे सून आणि गावातल्या दोघीजणी. "कोन गेला गो बाय?" म्हणत तिने आईला मिठी मारली आणि रडायलाच लागली.

"अगं, कुणी नाही गेलं," आई म्हणाली. "या शहाण्याने वाटी रिकामी दिली."

मावशीने डोळे पुसले आणि दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग चहा झाला, हसणं झालं. त्या गेल्यावर आईने विचारलं, "तिकडे तुझ्या शेजारी कोण राहतं?"

"एक जोडपं आहे. चांगली माणसं आहेत."

"अशी धावत येतील?"

दादा खोटं बोलला नाही, एवढं मानायला हवं. "तिकडे असं कुणी येत नाही, आई. आधी फोन करून येतात."

"आणि तुम्ही नवराबायको दिवसभर कामावर?"

"हो."

"मग मी मेले तर फोन मीच करायचा का?"

मला हसू आवरेना.

"तू कसली हसतेस," आई माझ्यावर उखडली. "तुझ्यासाठी राहत नाहीये मी. तुझा नळ भिकारडाच आहे."

मग तिने घरातली एक वाटी साखरेने भरली आणि दादाच्या हातात दिली. "जा, देऊन ये तिला. आणि बस म्हणाली तर बस."