कुलूपकाका आणि मोठ्या बाईंचं दार

"बाई, ही शाळा आम्ही उभी केली आहे. तुम्ही नंतर आलात."

"मग चालवा ना तुम्हीच, काका! खुर्चीत तर आधीच बसला आहात."

शाळा भरायला अजून अवकाश होता. मी नातीला लवकर सोडायला आले होते आणि ऑफिसबाहेर, मुलांचे कोट अडकवायच्या खुंट्यांखालच्या बाकावर टेकले होते. भांडण ऐकायला म्हणून काही मी बसले नव्हते. पण ते कानावर पडायला लागल्यावर उठूनही गेले नाही, हेही खरं. पहिला आवाज माझ्या धाकट्या भावाचा. दुसरा मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा. माझा भाऊ कुलपांचा कारागीर, सगळ्या वस्तीचा कुलूपकाका आणि शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष. मला तो नुसता धाकट्या.

"तुम्ही माझ्या दाराला किल्ली लावून आत आलात," बाई म्हणत होत्या. "कपाट उघडलंत, वेळापत्रक बदललंत आणि फळ्यावर लावून मोकळे झालात. सातवीचे गणिताचे सर गेटपाशी उभे आहेत. आत यावं की घरी जावं ते त्यांना कळत नाहीये."

"पालकांची तक्रार होती."

"माझ्याकडे नाही आली."

"माझ्याकडे आली. दुकानात."

"दुकानात!" बाई आवाज खाली आणून बोलल्या, आणि तो खालचा आवाज मला जास्त लागला. "काका, माझ्याआधी इथून दोघी गेल्या. मी तिसरी. शनिवारी सभा आहे. रोजची शाळा कुणी चालवायची हे मंडळानं तिथे ठरवावं. तुम्ही चालवणार असाल, तर सोमवारपासून मी येत नाही."

धाकट्या बाहेर आला तेव्हा कानाच्या पाळ्या लालबुंद. मला पाहून थबकला.

"तू इथे किती वेळ बसलीयेस?"

"पुरेसा," मी म्हटलं.

कमरेचा जुडगा खुळखुळवत तो निघून गेला.

आता हा माणूस कसा, तेही सांगायला हवं. कुलपांचं वेड त्याला जन्मापासूनचं. लहान असताना माझ्या केसांतला आकडा काढून घेऊन त्यानं शेजारणीचं कुलूप उघडलं. आत पाऊलही टाकलं नाही, उघडलं आणि परत लावून टाकलं. आईनं बदड बदड बदडला. शेजारीण म्हणाली, "राहू द्या हो, नाहीतरी ते घट्टच बसलं होतं." तेव्हाच आम्ही ओळखलं की हा पोट भरेल.

पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं. दोघं आत उभे राहिले तर तिसऱ्यानं रस्त्यावरून बोलावं, एवढंसं. पण माणूस सचोटीचा. नवं कुलूप बसवलं की सगळ्या किल्ल्या घरमालकाच्या तळहातावर एकेक करून ठेवायचा आणि म्हणायचा, "या सगळ्या. माझ्याकडे एकही नाही." या वाक्यावर त्याचं दुकान चाललं. लोक घराची दारं त्याच्या भरवशावर सोडून गावाला जायचे.

वस्तीतली जुनी शाळा पुलापलीकडे हलवली, तेव्हा लहान मुलांचे हाल व्हायला लागले. आईबाप जमायचे ते याच दुकानासमोर. बोलता बोलता ठरलं की आपणच शाळा काढू. सरकारची नाही, कुणा बड्याची नाही, आपली. मोज्यांच्या बंद कारखान्याचं गोदाम मिळालं. बेकरीवालीनं तिची लांब टेबलं दिली. वर्षभर मुलांच्या वह्यांना पिठाचा वास येई. दवाखान्यातल्या नर्सताईनं परवानग्यांसाठी चपला झिजवल्या. धाकट्यानं प्रत्येक दाराला कुलूप बसवलं. कपाटांना बसवलं. खडूच्या खणालासुद्धा बसवलं, तेव्हा मी म्हटलं, "अरे, खडू कोण चोरणार?" तर म्हणाला, "आता कुणीच नाही."

तो अध्यक्ष कसा झाला, याची फार मोठी गोष्ट नाही. गोदामाची किल्ली त्याच्याकडे. म्हणून सभेला पहिला तोच येणार. पहिला आला म्हणून टेबलाच्या टोकाला बसणार. तिथे बसला म्हणून सगळे त्याच्याकडे बघून बोलणार. झाला अध्यक्ष.

आणि लोकांच्या घरची एक किल्ली खिशात न ठेवणाऱ्या माझ्या भावानं शाळेच्या मात्र सगळ्या ठेवल्या. कमरेला जुडगाच लावला. तो व्हरांड्यात शिरला की आधी खुळखुळ यायची, मग तो. वर्ग चिडीचूप व्हायचे. मला त्याचं कौतुक वाटे. चिडीचूप होणाऱ्यांत बाईही असायच्या, हे कुणी बघत नव्हतं. पहिल्या मुख्याध्यापिका नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या. दुसऱ्या गेल्या त्या घशाचा त्रास म्हणून. त्याच पुढे दुसऱ्या एका शाळेत गाणं शिकवायला लागल्या, तेव्हा तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

गणिताच्या सरांचं म्हणाल, तर त्यांचा गुन्हा एवढाच की ते मुलांना गोल करून बसवत आणि एकमेकांना गणितं समजावून सांगायला लावत. बेकरीवालीचा मुलगा घरी जाऊन म्हणाला, "आज आम्ही गणितावरून भांडलो." ती पिठाच्या कोठीची किल्ली करून घ्यायला दुकानात आली होती. तिथेच म्हणाली, "अध्यक्ष, मास्तर बदला." आणि हा, हातात कानस, डोळे किल्लीवर, म्हणाला, "झाला बदललेला समजा." आपल्या एका 'हो'नं काम होतं, याची चटक फार वाईट.

आठवडाभर माझा जीव टांगणीला. नात वाचायला लागली ती मोठ्या बाईंच्या हाताखाली. त्याआधी अक्षर दिसलं की टेबलाखाली जाऊन बसायची. नर्सताई घरी येऊन म्हणाली, "मावशी, तिसरी गेली तर चौथी येणार नाही. शिक्षक एकमेकांशी बोलतात हो. मुख्य बाई नाही म्हणजे शाळा नाही. मग पूल ओलांडा."

मी भावाच्या घरी गेले. भावजय भांडी आपटत होती.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा. माझं ऐकत नाहीत."

"माझं ऐकतो असं तुला कुणी सांगितलं?"

आतून धाकट्या ओरडला, "दोघी मिळून सांगा. दोघींचंही ऐकणार नाही."

शुक्रवारी मी उगाचच त्याच्या दुकानात जाऊन बसले. एक नवी लग्न झालेली मुलगी कुलूप घ्यायला आली. त्यानं नेहमीसारख्या किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "या सगळ्या. माझ्याकडे एकही नाही."

मुलगी चेष्टेत म्हणाली, "नक्की ना काका? एखादी ठेवली असेल हळूच."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पोरी, दार मी बसवतो, पण घर तुझं. किल्ली ठेवून घेणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात, माहितेय?"

मला खोकला आला. खोटं कशाला सांगू, आणला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय गं?"

"काही नाही. घसा. दुसऱ्या मुख्याध्यापिकेला होता तसला."

मुलगी पैसे देऊन गेली. धाकट्या कानस घेऊन बसला, पण कानशीचा आवाज काही येईना. मी घरी निघाले तरी तो तसाच बसला होता.

शनिवारची सभा. आमच्या सभेला कुणीही मागच्या बाकावर बसावं, पण तोंड उघडू नये, असा नियम होता. बसणं मला जमे. मी विणकाम घेऊन गेले, तोंडाला नाही तर हातांना तरी काम. मंडळ सात जणांचं. धाकट्या आला आणि टेबलाच्या टोकाला बसलाच नाही.

"आजचा विषय माझ्याबद्दल आहे. तेव्हा आज सभा नर्सताई चालवेल," म्हणाला आणि कडेच्या खुर्चीत बसला.

बेकरीवाली लगेच उसळली. "म्हणजे काय? अध्यक्षानं शाळेत काही करायचंच नाही? मग मंडळानं काय करायचं, सभेत बसून बिस्किटं खायची? आणि तीही माझीच?"

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता गाऱ्हाणं सांगतील. तर नाही.

"तुम्ही मला प्रश्न विचारा," त्या म्हणाल्या. "वर्षातून दोनदा समोर बसवा आणि घाम फुटेपर्यंत विचारा. माझं काम पटलं नाही तर मला काढा, तो तुमचा हक्क. पण मी आहे तोवर कुठला वर्ग कुणी घ्यायचा, ते मला ठरवू द्या. तुमच्याजोगं काम पडलंय हो. हे छप्पर किती वर्षं टिकेल? ही पोरं मोठी झाल्यावर कुठे जातील? उद्या मी आजारी पडले तर कोण? मागच्या तीन सभा आपण पडद्यांच्या रंगावर बोललो."

कुणीतरी खिडक्यांकडे पाहिलं. पडदे अजून लागलेच नव्हते.

वाद बराच झाला. शेवटी नर्सताईनं प्रश्न मांडला: रोजची शाळा मोठ्या बाईंनी चालवायची; मंडळानं दिशा ठरवायची आणि जाब विचारायचा; आणि मंडळातल्या कुणीही सभेबाहेर हुकूम सोडायचा नाही, मग तो अध्यक्ष का असेना. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. तीन हात वर गेले. बेकरीवाली आणि आणखी दोघांचे टेबलावरच राहिले.

"काका, कडेला बसलात तरी तुम्ही मंडळात आहातच," नर्सताई म्हणाली. "बोला."

माझी विणायची सुई थांबली. मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या.

धाकट्या उठला. हात वर करायचा सोडून कमरेशी काहीतरी झटापट करायला लागला. जुडगा काढत होता. पण त्याचा आकडा त्यानंच बनवलेला, कुणी हिसकावून नेऊ नये असा. इतकी वर्षं कधी काढलाच नव्हता, आता त्याला स्वतःलाच निघेना. ओढून पाहिला, पिळून पाहिला. बेकरीवाली म्हणाली, "तेल आणू का?" कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी वैतागून त्यानं पट्टाच सोडला, पट्ट्यासकट जुडगा टेबलावर ठेवला, आणि एका हातानं पँट धरून दुसरा हात वर केला.

"चार," नर्सताई म्हणाली. "मंजूर. काका, हात खाली घ्या आणि बसा लवकर."

हसून हसून माझे टाके सुटले, विणकामातले. मोठ्या बाईही हसल्या, डोळे पुसत पुसत. मग त्यांनी जुडगा उचलला आणि म्हणाल्या, "सगळ्या मला एकटीला नकोत. एक संच पाकिटात घालून, मोहोर लावून नर्सताईकडे राहू दे. आग लागली, मी पडले, तर लागेल." मला ते फार आवडलं.

सोमवारी धाकट्या गेटपाशी उभा राहिला आणि गणिताच्या सरांना सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, चुकलं माझं." सर इतके गडबडले की त्यांनीच माफी मागितली.

सातवीची पोरं पुढे पहिली आली वगैरे मी लिहिणार नाही, तसं काही झालं नाही. बरी शिकली. बेकरीवाली अजूनही म्हणते की गृहपाठ कमीच होता. पण आता सभेत म्हणते. दुकानात कुणी तक्रार घेऊन आलं की धाकट्या कानस खाली न ठेवता सांगायचा, "आधी बाईंकडे जा. नाही पटलं तर सभेला या. इथे फक्त कुलपं." जुनी खोड एका दिवसात जात नसते. एकदा वर्गाच्या खिडकीतून डोकावताना बाईंनी पकडलंच. "काका, काही हवंय?" "छे छे, कडी बघत होतो." "कडी बाहेरून दिसते, काका."

वर्षातून दोनदा तो मोठ्या बाईंना असे प्रश्न विचारायचा की त्या सभेतून लाल होऊन बाहेर पडायच्या. आणि पुढच्या वेळी उत्तरं घेऊन यायच्या. छप्पर बदललं. दोन वर्ग वाढले. पडदे मात्र बाईंनी स्वतःच निवडले, कुणाला न विचारता. निळे आणले. बरे दिसतात.

अजून हातपाय धड असतानाच त्यानं अध्यक्षपद सोडलं. त्याआधी वर्षभर नर्सताईला शेजारी बसवून सभा चालवायला दिली. मी विचारलं, "एवढी काय घाई?" म्हणाला, "जुडगा काढताना काय झालं ते पाहिलंस ना? खुर्चीचं तसं नको व्हायला."

शाळेचं एक काम तेवढं त्यानं ठेवलं होतं. दर सुट्टीच्या आदल्या दिवशी तेलाची चोचवाली डबी घेऊन जायचा आणि सगळ्या कुलपांना तेल द्यायचा. शेवटचा गेला तेव्हा पाय थरथरत होते, म्हणून फडकं घेऊन मी बरोबर होते. दोघं म्हातारे, एकमेकांचा हात धरून निघालो. गेट झालं, वर्ग झाले, खडूचा खण झाला. मुलं घरी गेली होती. मोठ्या बाई ऑफिसात लिहीत बसल्या होत्या, दार सताड उघडं.

धाकट्यानं उघड्या दारावर टकटक केली.

"काका, दार उघडंच आहे की."

"दिसतंय मला," तो म्हणाला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पाय थरथरत होते तरी उभा राहिला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या."

तेव्हा तो आत गेला. कपाटाच्या कुलपात दोन थेंब सोडले, किल्ली फिरवून पाहिली, जिथल्या तिथे ठेवली. दाराच्या कुलपात दोन थेंब. मी फडक्यानं ओघळ पुसला. मग बाहेर येऊन त्यानं दार होतं तसं उघडं ठेवलं, डबीचं झाकण घट्ट केलं, आणि म्हणाला, "चल ताई, झालं."