बेडका पारखणारा

आमच्या सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडका तपासणारा गडी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखावा तशी तो उजेडात धरून बेडक्याची डबी पारखतो आणि सगळ्यांदेखत खेकसतो, "ही नुसती थुंकी हाय. छातीतनं खाकर की राव." सरपंचालाही त्यानं असंच मागं पिटाळलं. डबी पास झाली, की बेडका काचेवर पसरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली धरतो. टीबीच्या लाल काड्या दिसल्या नाहीत, तर "माझा रंग फुकट घालवलास," म्हणत माणसाला हाकलतो.

परवा माझी डबी एकदाची पास झाली. तो मायक्रोस्कोपवर वाकला आणि मी शिव्या खायला तयार उभा राहिलो. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. मग स्वतःचं स्टूल पुसून माझ्यापुढं सरकवलं.

"बसा भाऊ," एरवी मला अरेतुरे करणारा तो म्हणाला, "चहा सांगू का?"